राबासाठी दोन दिवस

मे महिना जवळ आला की आबांचा फोन येतो. बरी आहेस का, जावई कसे आहेत, हे सगळं नंतर. आधी एकच प्रश्न असतो. "पोरी, बंगला कवा रिकामा हाय?"

बंगला आमचा नाही. आबा, म्हणजे माझे वडील, त्या बंगल्याचे केअरटेकर आहेत. मळवली स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर आमची भाताची पाच खाचरं आहेत. त्यांना लागून धाकट्या चुलत्यांची चार होती. चुलत्यांनी ती विकली, तळेगावात फ्लॅट घेतला आणि आता ते सुखात आहेत. मी त्यांना नावं ठेवत नाही. पूर्वी भरपूर ठेवली, घसा बसेपर्यंत ठेवली, पण त्यानं खाचरं परत आली नाहीत. त्या चार खाचरांवर पुण्याच्या एका बाईंनी बंगला बांधला, पोहण्याचा तलाव केला, हिरवळ लावली आणि तो शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. शेजारी राहणारा, विश्वासाचा, पाण्याची आणि विजेची माहिती असलेला माणूस त्यांना हवा होता. आबा कुंपणाच्या एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला नोकर झाले. कुंपणात एक लहान फाटक आहे, त्यातून ते दिवसात पंधरा वेळा ये-जा करतात.

भातावर घर चालत नाही, हे आमच्याकडे आता कुणी तक्रार म्हणूनही सांगत नाही. दुकानात जो तांदूळ मिळतो, तो आम्ही पिकवतो त्यापेक्षा स्वस्त पडतो. बंगल्याच्या पगारातून खत येतं, आवणीच्या, म्हणजे रोपं लावणाऱ्या बायकांची मजुरी जाते, बैल विकल्यापासून भाड्यानं येणारा पॉवर टिलर येतो. बंगला शेताला पोसतो आणि शेत आम्हाला फक्त भात देतं. तरी आबा शेत करतात. का करता, असं मी त्यांना कधी विचारलं नाही, कारण मला ते विचारण्याइतकं परकं व्हायचं नव्हतं.

मी लोणावळ्यात शाळेत शिकवते, तुंगार्लीत राहते. बंगल्याचं बुकिंग मीच बघते. मालकीणबाईंनी एकदा सहज विचारलं होतं, "तुम्ही मेसेजना उत्तरं द्याल का? काकांना फोनचं जमत नाही." मला ते जमण्यासारखं होतं आणि चार पैसेही मिळणार होते. तेव्हापासून बंगल्याच्या तारखा माझ्या मोबाइलमध्ये आहेत. कुठला दिवस भरायचा, कुठला मोकळा ठेवायचा, हे माझ्या अंगठ्यावर चालतं. आबांच्या राबाचे दिवसही.

राब म्हणजे रोपाची जागा भाजून घेणं. पेरणीआधी त्या तुकड्यावर शेण पसरायचं, वर झाडांच्या फांद्यांचा वाळलेला पाला, त्यावर पेंढा आणि गवत, सगळ्यात वर चाळलेल्या मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग पळत नाही, सावकाश पुढे सरकते. खालची जमीन भाजून निघते, तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते. अशा जागेतलं रोप मुठीनं उपटलं की मुळासकट अलगद येतं. हे सगळं वाळलेलं असतानाच करायचं. फार आधी भाजलं तर मेमधला वारा राख उडवून नेतो आणि उशीर केला तर वळीव गाठतो. म्हणजे मेच्या शेवटाकडचे थोडे दिवसच हाताशी असतात. राब न भाजताही रोप करता येतं, असं सांगायला कृषी खात्याचे एक साहेब येऊन गेले. त्यांचं खरंही असेल. धूर कुणाच्याच छातीला चांगला नाही, हे मला आईच्या खोकल्यावरून कळतं. पण आमच्या त्या तुकड्यात भातासारखंच दिसणारं एक गवत माजतं आणि आबांना त्याच्यावर दुसरा इलाज ठाऊक नाही.

राबाची जागा पिढ्यान्‌पिढ्या तीच आहे, विहिरीच्या अंगाला, जरा उंचावर. वारा पश्चिमेकडून येतो आणि पूर्वेला बंगला आहे.

बंगला झाल्यावर पहिल्या वर्षी आबांनी नेहमीसारखा राब पेटवला आणि धूर सरळ तलावावर गेला. पाहुणे चिडले. इंटरनेटवर बंगल्याला एकच तारा देऊन त्यांनी लांबलचक लिहिलं. मालकीणबाई भांडल्या नाहीत, उलट फार गोड बोलल्या. "काका, तुमचं शेत आहे, तुम्ही जाळा. फक्त पाहुणे नसताना जाळा, एवढं बघा." यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. आबा म्हणाले, "व्हय, तसंच करू." तेव्हापासून आमचा राब बंगल्याच्या कॅलेंडरला बांधला गेला.

दोन-तीन वर्षं निभावलं. मेमध्ये मी आठवड्याच्या मधले दोन दिवस बंद करून ठेवायची. मालकीणबाईंना ते दिसायचं, त्या काही बोलायच्या नाहीत.

मागल्या वर्षी मी मंगळवार आणि बुधवार बंद ठेवले होते. आबांचा राब रचून झाला होता. आईनं माती चाळून वर पसरली होती. आणि रविवारी एका मुलीचा फोन आला. तिच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, एक भाऊ परदेशातून येणार होता, सगळ्यांना जमणारे तेवढेच दिवस होते. दुसरे चार बंगले बघून झाले होते. फोनवर तिचा आवाज रडवेला झाला. "ताई, प्लीज. बाबांना आता चालवत नाही, परत असं सगळे एकत्र कधी येणार?"

मी विरघळले. मालकीणबाईंनी सांगितलं नव्हतं, कुणी दटावलं नव्हतं. एका अनोळखी म्हाताऱ्याचा सोहळा मला फार महत्त्वाचा वाटला आणि मी अंगठ्यानं ते दोन दिवस उघडले. मग आबांना फोन केला. "आबा, पुढच्या सोमवारी भाजू या का? मंगळवारी एक पार्टी आली आहे आणि गुरुवारपासून रविवारपर्यंत आधीच भरलंय."

आबा म्हणाले, "बरं."

एवढंच. मला त्या 'बरं'चा राग येतो अजून. ते एकदा ओरडले असते, तुला अक्कल आहे का असं म्हणाले असते, तर मी तारीख फिरवली असती. पण हा राग खोटा आहे, हेही मला ठाऊक आहे. चूक माझी होती आणि मला ती दुसऱ्याच्या गप्प राहण्यावर ढकलायची होती.

पार्टी आली. आबांनी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना दोन्ही हातांनी धरून पायऱ्या चढवल्या, उतरवल्या. निघताना त्या मुलीनं त्यांच्या हातात केकचा तुकडा ठेवला. तो त्यांनी आईसाठी घरी आणला. शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं आणि तासभर वळीव कोसळला. रचलेला राब आतपर्यंत भिजला.

भिजलेला राब उकलून वाळवायला चार दिवस तरी हवेत. सोमवार गेला. राब वाळत आला तोवर सुट्टीतल्या पाहुण्यांनी बंगला भरला आणि त्या तारखा आधीच घेतलेल्या होत्या. पुन्हा एक सर आली. जून दिसायला लागला.

शेवटी आबांनीच तोडगा काढला. पाहुणे अकरा वाजता बंगला सोडतात आणि नवे दोनला येतात. "तीन तास घावत्यात," आबा म्हणाले. "तेवड्यात व्हतंय का बगू." शाळेला सुट्टी होती, मीही गेले. गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि आबांनी काडी ओढली. आई हिरवी फांदी घेऊन उभी होती. राब पेटेना. वरचा पेंढा भुर्रकन जळायचा आणि खालचा ओला पाला नुसता धुमसायचा. धूर इतका दाट झाला की आई त्यातून मला दिसेना, तिचा खोकला फक्त ऐकू येत होता. एक वाजला, दीड वाजला. अर्ध्याहून कमी जागा कशीबशी काळी झाली होती, उरलेल्यातून धूर निघतच होता.

दोनला दहा मिनिटं कमी असताना आबा फाटकातून बंगल्याकडे गेले. मला वाटलं, पाहुण्यांचं बघायला गेले. ते हिरवळीला पाणी घालायचा लांब पाइप ओढत परत आले. कुंपणापाशी उभं राहून त्यांनी नळ सोडला आणि स्वतःच्या राबावर पाणी मारायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट, बागेला घालतात तसं. आई खाली बसली. मी पुढे झाले नाही. मग आबांनी पाइप गुंडाळून जागेवर ठेवला, तोंड धुतलं, शर्ट बदलला आणि मोठ्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. गाडी आली. "या, या. परवास कसा झाला?" हे मी कुंपणाच्या अलीकडे उभी राहून ऐकलं.

त्या वर्षी रोप आलं, पण रोपापेक्षा गवत जास्त आलं. आवणीला औंढ्याहून बायका आल्या होत्या, आईच्या माहेरच्या. त्यांनी रोप उपटायला हात घातला तर घट्ट मातीत मुळं तुटून वरचा हिस्सा हातात यायचा. प्रत्येक मुठीतून गवत वेचून काढावं लागायचं. एकजण वैतागून म्हणाली, "आवं मावशी, ह्यो राब भाजला व्हता का उकडला व्हता?" सगळ्या हसल्या. आई हसली नाही. पाचातली तीन खाचरं लावून झाली आणि रोप संपलं. विकत घ्यावं तर आसपास कुणाकडेच शिल्लक नव्हतं. बंगल्याच्या बाजूची दोन खाचरं तशीच राहिली.

घरात मला बोलली ती आई. चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता. "दुसऱ्याच्या आयबापाचा सोहळा दिसला तुला. हितं तुजा बाप तीन मैनं डोक्यावर पाला वाहात व्हता, त्यो न्हाई दिसला." मी रडले. तिनं मला रडू दिलं आणि मग जेवायला वाढलं.

पावसात त्या दोन मोकळ्या खाचरांत हिरवंगार गवत उभं राहिलं. पाहुणे बंगल्याच्या गच्चीवरून त्याचे फोटो काढायचे. एकानं तर मला फोटो पाठवून लिहिलं, "भाताची शेतं फारच सुंदर." मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसरं काय पाठवणार होते?

दिवाळीनंतर मालकीणबाई आल्या. कुंपणापाशी उभ्या राहून त्या आबांना म्हणाल्या, "काका, ही दोन खाचरं अशीच पडणार असतील तर मला द्या ना. पाहुण्यांच्या गाड्यांना जागा पुरत नाही. योग्य तो भाव देईन." त्यांनी हे पूर्वीही दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा आबा त्यांचं वाक्य संपायच्या आत "न्हाई" म्हणाले होते. या वेळी ते म्हणाले, "बगू."

आईनं मला ते फोनवर सांगितलं. चुलत्यांचं शेत जायच्या आधीही वर्षभर घरात 'बगू' हाच शब्द होता.

फेब्रुवारीत आबा पाला तोडायला गेले नाहीत. मी रविवारी घरी गेले तर कोयता वळचणीला तसाच खोचलेला. मी विचारलं, "आबा, यंदा पाला?" ते बंगल्याच्या चादरी वाळत घालत होते. चादरीचं टोक ताणत म्हणाले, "कशाला? भाजू कोन देतंय? यंदाबी दोन पडीक टाकायची, पुढल्या साली तिसरं. त्यापरास गाड्या तरी उभ्या ऱ्हातील." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. मला ते फार भयंकर वाटलं.

"आबा, बंगला दोन दिवस रिकामा राहील," मी म्हणाले. "माझ्यावर सोडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पुढची चादर उचलली. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, आबा कोयता घेऊन रानात गेले होते.

मी मालकीणबाईंना फोन केला आणि मेमधले दोन दिवस मागितले. त्या खऱ्याखुऱ्या अडचणीत पडल्या. तलावाची दुरुस्ती झाली होती, हप्ते होते, मे म्हणजे त्यांचा सुगीचा महिना. "तुम्हाला कळतंय ना? यंदा एकही दिवस सोडणं शक्य नाही हो." मला कळत होतं. त्यांचाही धंदाच होता. म्हणून मी फोन ठेवला, कॅलेंडर उघडलं, मेच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार आणि बुधवार निवडला आणि पाहुण्यांच्या नावाच्या जागी माझं नाव टाकलं. भाडं पूर्ण भरलं. सवलत मागितली नाही. किती भरलं ते मी आबांना सांगितलेलं नाही, इथंही लिहीत नाही. नवरा म्हणाला, "स्वतःच्या माहेरी भाडं भरून राहणारी तू पहिलीच." मग त्याच्या एका जुन्या मुदतठेवीचे कागद काढून त्यानं माझ्यासमोर ठेवले.

आबांना मी एवढंच कळवलं की मंगळवार-बुधवार कुणी नाही.

मंगळवारी सकाळी पहिल्या लोकलनं मळवलीला उतरले. वळीव अजून झाला नव्हता. राब कोरडा ठणठणीत होता, पाय दिला की कडकड वाजत होता. आबांनी आदल्या संध्याकाळीच बंगल्याच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि तलावावर राख पडू नये म्हणून मोठं प्लास्टिक ओढलं होतं. कुणीच नव्हतं तरी त्यांनी ते केलं होतं. त्यांनी राबाच्या चार बाजूंना फिरून पाणी शिंपडलं, पूर्वेच्या कोपऱ्यात बसून काडी ओढली आणि हात जोडले.

आग वाऱ्याला तोंड देत, एक-एक वीत पुढे सरकत गेली. घाई नव्हती. धूर सगळा बंगल्यावर गेला, गच्चीवर, झोपाळ्यावर, बंद काचांवर, आणि कुणी काही म्हटलं नाही. आई हिरव्या फांदीनं कडेच्या ज्वाळा दाबत होती. मी दगडावर बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते धुराचं होतं आणि माझंही होतं. दुपारपर्यंत संपूर्ण तुकडा एकसारखा काळा झाला. आबांनी काठीनं एका जागी उकरलं, आतली माती बोटांत चुरली आणि आईच्या तळहातावर ठेवली. "ही बग," ते म्हणाले. आईनं ती बघितली आणि परत जागेवर टाकली.

जेवण झाल्यावर मी ओट्यावर टेकले होते. आबा आत गेले, हातपाय धुऊन पाहुण्यांसाठी घालतात तो धुतलेला शर्ट घालून बाहेर आले. त्यांच्या हातात बंगल्याची जाड वही होती. आलेल्या प्रत्येकाकडून ते ती भरून घेतात, त्यात कधी चुकत नाहीत. त्यांनी ती माझ्यासमोर उघडून ठेवली आणि पेन दिलं.

"मालकीनबाईंचा फोन आलता सकाळी," ते म्हणाले. "म्हनाल्या, काका, आज तुमची लेकच पाव्हनी हाय, नीट बगा."

"आबा, मी सांगणार होते."

"लिही," आबा म्हणाले. "नियम हाय."

मी नाव लिहिलं. गाव या रकान्यात वर पुणे, मुंबई, ठाणे, पुणे असं होतं. त्याखाली मी आमच्या गावाचं नाव लिहिलं. येण्याचं कारण या रकान्यात वाढदिवस, सुट्टी, आराम, पुन्हा सुट्टी असं होतं. मी लिहिलं, राब भाजायला. आबा खाली वाकून एकेक अक्षर लावत वाचत होते.

"गाड्यांच्या जागंचं इचारत व्हत्या परत," ते म्हणाले. "न्हाई म्हनून सांगितलं. यंदा पाची लावायची."

आई दारात येऊन उभी राहिली होती. शेवटचा रकाना होता, एकूण माणसं. मी तिथं एक लिहिलं आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

आबांनी वही परत माझ्याकडे फिरवली आणि त्या आकड्यावर, धुऊनही राखेनं काळंच राहिलेलं बोट ठेवलं.

"येक न्हाई," ते म्हणाले. "तीन लिही. आमीबी हाय की."